जुने कपडे, नवा डबा

नवे कपडे कुठे घ्यावेत यावर कोल्हापुरात प्रत्येकाचं ठाम मत असतं. महाद्वार रोड की राजारामपुरी, शिवून घ्यायचे की तयार, यावर आमच्या घरी दिवाळीच्या आधी आठवडाभर चर्चा चालते. जुने कपडे कुठे जावेत यावर मात्र कुणी बोलत नाही. ते आपोआप जातात. कपाटातून माळ्यावर, माळ्यावरून गाठोड्यात, आणि एक दिवस दारात भांडीवाली आली की गाठोड्यातून थेट बाहेर. बदल्यात स्वयंपाकघरात एक नवा स्टीलचा डबा दिसायला लागतो. आमच्या घरातला निम्मा मिसळणाचा डबा, पोह्यांचा डबा, रव्याचा डबा हे सगळे माझ्याच बारक्या झालेल्या शर्टांचे पुनर्जन्म आहेत असं म्हणायला हरकत नाही. :-)

पुस्तकात हिला बोहारीण म्हणतात. आमच्या गल्लीत सगळे भांडीवालीच म्हणतात. पुण्या-मुंबईच्या मित्रांना बोहारीण म्हटलं की लगेच कळतं, म्हणून हा खुलासा.

यंदा हा विषय अंगावर यायचं कारण म्हणजे घर बदलणं. मंगळवार पेठेतलं जुनं घर सोडून कळंब्याकडे फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. तीन कपाटं, दोन ट्रंका आणि माळ्यावरची पाच गाठोडी. फ्लॅटमध्ये माळा नाही! बाबा रिटायर झाले तेव्हापासून त्यांच्या ऑफिसच्या पॅन्टी तशाच घडी घालून ठेवलेल्या. माझी नोकरी पुण्यात, पण महिन्यातले दोन आठवडे घरून काम करता येतं, म्हणून आवराआवरीचं खातं माझ्याकडे आलं. आता इंजिनियरच्या हातात असं काम दिलं की काय होणार? मी आईला म्हटलं, "निम्मे कपडे ऑनलाईन विकू, निम्मे भांडीवालीला देऊ, आणि बघू कशात फायदा." आई म्हणाली, "बघ बाबा. पण मला दहा तारखेच्या आत माळा रिकामा पाहिजे." एवढी स्पष्ट डेडलाईन मला ऑफिसातसुद्धा कुणी दिली नव्हती.

या दोन मार्गांशिवाय तिसरा एक मार्ग जगात आहे, आणि तो माझ्या डोक्यात एका मित्रामुळे शिरला. कॉलेजमधला हा मित्र गेली चार वर्षं इंग्लंडात रेडिंगला असतो. तिथे उन्हाळ्यात रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानात लोक आपापल्या गाड्या घेऊन जातात, जागेचे सात-आठ पौंड भरतात, गाडीची डिकी उघडतात आणि घरातलं नको असलेलं सामान टेबलावर मांडून स्वतः विकायला उभे राहतात. कपडे, खेळणी, कपबश्या, जुनी पुस्तकं. डिकीला तिकडे बूट म्हणतात, म्हणून हा कार बूट सेल. हा म्हणाला, पहाटे अजून नीट उजाडलेलंही नसतं आणि जुन्या मालाचे व्यापारी बॅटऱ्या घेऊन आलेले असतात. तुम्ही डिकी उघडायच्या आत ते आत डोकावतात. शर्ट एका पौंडाला, लहान मुलांचे कपडे त्याहून कमी. दुपारी बाराला सगळे घरी. त्याच्या शेजारची बँकेत काम करणारी बाई तिथे स्वतःच्या मुलाचे बूट विकत उभी होती, हे त्याला पहिल्यांदा बघितल्यावर फार विचित्र वाटलं होतं. हे 'विचित्र वाटणं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आधी ऑनलाईन.

आपल्याकडे हा प्रकार तसा नवा नाही. २००० च्या सुमारास बाझी डॉट कॉम नावाची लिलावाची साईट होती. २००४ मध्ये ईबेने ती विकत घेतली, आणि ईबे इंडियाचं दुकान २०१८ मध्ये बंद झालं. २००८ मध्ये क्विकर आलं, आणि मग ओएलएक्सच्या टीव्हीवरच्या जाहिरातींनी घरातली जुनी वस्तू विकणं हे हुशारीचं लक्षण आहे हे मध्यमवर्गाला पटवून दिलं. पण नीट आठवून बघा, त्या जाहिरातींमध्ये काय विकलं जायचं? मोबाईल, सोफा, मोटरसायकल. बाबांची पॅन्ट कुणी विकताना दिसलं नाही. याचं कारण मला तीन आठवड्यांनी नीट कळलं.

मी अकरा नग निवडले. एक ब्लेझर, दोन जीन्स, चार फॉर्मल शर्ट, एक जॅकेट आणि बहिणीचे तीन कुर्ते. रविवारी सकाळी गॅलरीतल्या उजेडात पांढरी चादर टांगून फोटो काढले. पुढून, मागून, लेबलचा, कॉलरचा, बटणांचा. छाती, लांबी, बाही टेपने मोजून लिहिली. एकाच कपड्याला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. इस्त्री करण्यात गेलेली ती वेगळी. तीन तास झाले.

मग सुरू झाले प्रश्न. "अव्हेलेबल आहे का?" हो. पुढे शांतता. "फायनल किती?" किंमत लिहिलेलीच आहे. "शंभरला देता का?" अहो, चारशे लिहिलंय. "बिल आहे का?" सहा वर्षांपूर्वीच्या जीन्सचं बिल! एकाने चारही शर्टांचे वेगवेगळे नऊ फोटो मागवले आणि शेवटी म्हणाला, "रंग आवडला नाही." रोज वीस मिनिटं तरी यात जायची.

एक जण मात्र अजिबात घासाघीस न करता जॅकेट घ्यायला तयार झाला. स्वतः सैन्यात आहे, बेळगावला पोस्टिंग आहे म्हणाला, ओळखपत्राचा फोटोही पाठवला. मग एक क्यूआर कोड आला, "हा स्कॅन करा, तुमच्या खात्यात पैसे जमा होतील." मंडळी, पैसे घेण्यासाठी स्कॅनही करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. यूपीआयमध्ये पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. सैनिकाचं नाव सांगून होणारी ही फसवणूक बरीच वर्षं चालू आहे. व्यक्ती-व्यक्तीमधली पैसे मागायची 'कलेक्ट रिक्वेस्ट' १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे एक वाट बुजली, पण क्यूआरची वाट उघडी आहे. मी त्याला म्हटलं, "बेळगावहून कोल्हापूर तीन तासांवर आहे, येऊन घेऊन जा." त्याचं प्रोफाईल पाच मिनिटांत गायब.

बहिणीचा अनुभव याहून वाईट. तिचे कुर्ते चांगले होते, एक तर जेमतेम दोनदा घातलेला. तिने स्वतःच्या नावाने टाकले. पहिल्याच संध्याकाळी निरोप आला, "घालून फोटो पाठवा ना, फिटिंग बघायचंय." दुसऱ्याने तोच प्रश्न जरा सभ्य भाषेत विचारला. तिसऱ्याने कुर्त्याबद्दल काही विचारलंच नाही. तिने दुसऱ्या दिवशी तिन्ही जाहिराती काढून टाकल्या. मला म्हणाली, "दादा, तुला प्रश्न येतात ते शर्टाबद्दल येतात. मला येतात ते माझ्याबद्दल येतात." ऑनलाईन विक्रीच्या फायद्या-तोट्याचे जेवढे लेख मी वाचले त्यांच्यात हा खर्च कुठे मांडलेला नव्हता. रुपयांत तो कसा मांडायचा हे मलाही माहीत नाही, पण आमच्या प्रयोगात अकरातले तीन नग त्याने बाद केले हे आकड्यातच आहे.

चांगलंही झालं, तेही सांगतो. ब्लेझर. हा मी २०१८ मध्ये कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी महाद्वार रोडवर अठ्ठावीसशेला घेतला होता. चार इंटरव्ह्यू आणि एक लग्न, त्यानंतर कपाटात. सातशे रुपये लिहिले होते. गडहिंग्लजचा एक मुलगा, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाचा, म्हणाला, "सर, बघून घेतो चाललं तर." रविवारी आम्ही सीबीएसवर भेटलो. स्टँडच्या बाहेर, वडापवाल्यांच्या आरोळ्यांमध्ये त्याने शर्टावर ब्लेझर चढवला, माझ्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्वतःला बघितलं. खांदे बरोबर बसले, बाह्या बोटभर लांब. "आत दुमडून घेतो, सर." मग विचारलं, "ह्याच्यावर सिलेक्शन झालं होतं का तुमचं?" म्हटलं, "चौथ्या वेळी." तो हसला, सातशे रुपये रोख दिले आणि एस.टी. धरायला पळाला. त्याला नव्या ब्लेझरचे तीन-साडेतीन हजार वाचवायचे होते, मला कपाटातली जागा हवी होती, आणि ॲप नसतं तर मंगळवार पेठ आणि गडहिंग्लजची गाठ पडली नसती. पुढच्या महिन्यात त्याचं कॅम्पस आहे.

पण हिशोब हिशोब असतो. जॅकेट साडेचारशेला गेलं, कुरिअरचे एकशे दहा मी भरले, राहिले तीनशे चाळीस. दोन्ही जीन्स मिळून तीनशेला, कुरिअर नव्वद, राहिले दोनशे दहा. ब्लेझर सातशे. एकूण साडेबाराशे रुपये. शर्ट एकही गेला नाही. वेळ? फोटोंचे तीन तास, तीन आठवडे रोज वीस मिनिटं म्हणजे सात तास, पॅकिंग, कुरिअरच्या चकरा आणि सीबीएस मिळून दोन तास. बारा तास. तासाला शंभर रुपयांच्या आसपास. ब्लेझर आणि त्याचे दोन तास बाजूला काढले तर तासाला पंचावन्न.

इंग्लंडातलं गणित वेगळं का बसतं हे इथेच कळतं. मित्राची बायको आता कार बूटला जात नाही, विंटेड नावाच्या ॲपवर कपडे विकते. २००८ मध्ये लिथुआनियात सुरू झालेलं हे ॲप विकणाऱ्याकडून कमिशन घेत नाही, आणि टपालाचा खर्च घेणाऱ्यावर असतो. तिथे नवा शर्ट पंचवीस-तीस पौंडांना आणि पार्सल दोन-तीन पौंडांत. आपल्याकडे दोनशे-तीनशे रुपयांत कोरा टी-शर्ट मिळतो आणि कुरिअर ऐंशी-नव्वद मागतो. टपालाचा खर्च नव्या कपड्याच्या तिसऱ्या हिश्श्याला पोचला की जुन्या कपड्याला ऑनलाईन पाठवण्यात राम राहत नाही. मग फक्त ब्लेझर, शेरवानी, लग्नातला घागरा, पैठणी असली महाग आणि क्वचित घातलेली चीजच तग धरते.

आता दुसरी बाजू.

भांडीवाली मावशी आमच्या गल्लीत मला आठवतं तेव्हापासून येते. डोक्यावर पाटी, पाटीत डबे, पातेली, गाळण्या, आता प्लॅस्टिकचे टबही. पाठीवर कपड्यांचं बोचकं. आरोळी अशी की दुसऱ्या गल्लीतली बाईसुद्धा गाठोडं काढून बसते. ती आली आणि अंगणात बसली. आईने चहा टाकला. मग जे सुरू झालं त्याला कोड रिव्ह्यूच म्हणावं लागेल.

प्रत्येक कपडा ती आधी उजेडाकडे धरते. विरलेलं कापड लगेच दिसतं. कॉलर उलटी करून बघते. पॅन्टीची बैठकीची शिवण दोन अंगठ्यांनी ताणते. चेन वर-खाली करते. कापड चिमटीत चोळून सुती की टेरिकॉट हे न बघता सांगते. मला लेबल वाचावं लागतं, तिला लागत नाही. माझ्या गॅलरीतल्या तीन तासांच्या फोटोसेशनचं काम तिने चोवीस नगांसाठी पंधरा मिनिटांत संपवलं.

"वैनी, ह्याची कॉलर आतनं गेलीया. ह्यो काय चालायचा न्हाई."

"अगं, एकदासुद्धा धुवायला टाकला नसंल त्यानं. नीट बघ की."

"तसं न्हवं, पांढरा हाय. पांढऱ्याला गिऱ्हाईक न्हाई. मळखाऊ रंग द्या."

मळखाऊ रंग! मी ऑनलाईन 'क्लासिक व्हाईट' असं लिहून ठेवलं होतं.

मग मी विचारलं, मावशी, हे सगळं जातं कुठे? आणि त्या चहाभर वेळात जे ऐकलं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. घरी जाऊन ती माल निवडते. चांगला निघालेला धुऊन, बटण लावून, इस्त्री करून आठवडी बाजारात मांडला जातो किंवा मोठ्या व्यापाऱ्याला नगावर विकला जातो. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले की फुल बाह्यांच्या शर्टांना मागणी येते. कारण ऊसतोड. उसाचं पान करवतीसारखं असतं, हात चिरून निघतात. तोडणीला आलेल्या बायका साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. शिरोळ, कागलच्या फडांवरून जाताना हे दृश्य मी शंभरदा बघितलंय. मात्र तो शर्ट कुठून आला असेल असा प्रश्न कधी पडला नव्हता. माझे ते चार फॉर्मल शर्ट, ज्यांना तीन आठवड्यांत ऑनलाईन एक गिऱ्हाईक मिळालं नाही, ते मावशीने सगळ्यात आधी बाजूला काढले. एक पांढरा होता तोही शेवटी घेतला.

ज्यात घालण्यासारखं काही उरलं नाही ते सुती कापड किलोवर गॅरेज आणि वर्कशॉपला जातं. उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसी असलेल्या गावात ऑईल पुसायच्या फडक्यांना तोटा नाही. फक्त सुती पाहिजे. मी कंपनीच्या लोगोचे आणि कॉन्फरन्सचे चौदा टी-शर्ट काढले तेव्हा मावशीने "छापील नको" म्हणून आधी नाक मुरडलं, मग कापड चोळून बघितलं आणि "फडक्याला जातील, वर टाका" म्हणाली. क्लाऊड, डेव्हऑप्स आणि एआयवरची चार वर्षांची माझी कमाई उद्यमनगरात लेथ पुसायला गेली. लोकरीच्या चिंध्यांची वाट आणखी लांबची. हरियाणातल्या पानिपतात, तिसऱ्या लढाईच्या त्याच पानिपतात, देशातले आणि परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, पुन्हा सूत काढून ब्लँकेटं विणण्याचा मोठा धंदा आहे.

पूर्वी मावशीच्या धंद्यात जरीची साडी म्हणजे सोनं होतं. खऱ्या जरीत चांदीची तार असते, वरून सोन्याचा मुलामा. साडी फाटली तरी काठ जाळून चांदी निघते. म्हणून जरीच्या साडीवर पितळेचा हंडासुद्धा मिळायचा असं आई सांगते. आताच्या बहुतेक साड्यांची जर नकली. काठ जाळला तर प्लॅस्टिकचा वास येतो.

आजीची तीन सुती लुगडी मावशीने बघितली आणि लगेच हात घातला. "वैनी, ह्यावर मोठं पातेलं देतो." आईने लुगडी उचलून आत नेली. त्यांची वाकळ शिवायची आहे. वर एक लुगडं, खाली एक लुगडं, मध्ये तिसऱ्याचे तुकडे आणि सगळ्यावर धावदोरा. आजी जाऊन दोन वर्षं झाली. आई एवढंच म्हणाली, "ती विकायची न्हाईत." मावशीनेही पुन्हा विचारलं नाही.

शेवटी व्यवहार असा ठरला. माझे चार शर्ट, बाबांच्या सहा पॅन्टी आणि पाच शर्ट, आईच्या चार सिंथेटिक साड्या, दोन चादरी आणि बहिणीचे ते तीन कुर्ते, एकूण चोवीस नग, वर फुकट चौदा टी-शर्ट. बदल्यात झाकणाचा पाच किलोचा डबा आणि एक पातेली. बाजारात दोन्हींचे मिळून सातशे रुपये झाले असते. नगाला तीस रुपयेसुद्धा पडले नाहीत. पण लागला वेळ चाळीस मिनिटं, त्यातही निम्मा चहाचा. तासाच्या हिशोबाने हजार रुपयांच्या वर. नगाच्या हिशोबाने ऑनलाईन जिंकलं, तासाच्या हिशोबाने मावशी जिंकली. आणि बहिणीच्या कुर्त्यांबद्दल तिने विचारलं ते फक्त "रंग जातोय का?"

इथवर आल्यावर माझा सुरुवातीचा प्रश्न बदलला. जुन्या कपड्याचा भाव म्हणजे कापडाचा भाव नसतोच. त्यात तीन कामं असतात. निवडायचं काम, गिऱ्हाईक शोधायचं काम आणि तिसरं, लाज उचलायचं काम. कार बूट सेलमध्ये ही तिन्ही कामं विकणारा स्वतः करतो, म्हणून सगळे पैसे त्याचे. ॲपवर लाज वाटत नाही कारण शेजाऱ्याला दिसत नाही, पण निवडणं आणि शोधणं तुमच्या डोक्यावर येतं. मावशी तिन्ही उचलते आणि त्याची मजुरी त्या तीस रुपयांतून कापून घेते. मला तर ती मजुरी कमीच वाटली.

लाजेचं म्हणाल तर, कल्पना करा. रविवारी सकाळी रंकाळ्याच्या काठाला आपण आपली स्विफ्ट लावलीय, डिकी उघडून बाबांच्या पॅन्टी मांडल्यात आणि समोरून बाबांच्या ऑफिसातले साहेब फिरायला चाललेत. अर्ध्या तासात पेठेत बातमी, "त्यांचं काही बरं चाललेलं न्हाई वाटतं." मित्राला रेडिंगच्या मैदानात जे विचित्र वाटलं ते हेच. आपल्याकडे जुना बाजार नाही असं नाही. पुण्यात दर बुधवारी आणि रविवारी भरतो, वर्षानुवर्षं. पण तिथे विकायला बसतो तो व्यापारी. ज्याच्या अंगावरून कपडा उतरला तो कधी पथारी मांडत नाही. मधला माणूस लागतोच, आणि तो बहुतेक वेळा बाई असते, आणि बहुतेक वेळा आपल्याहून गरीब असते. ल्युसी नॉरिस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीतल्या या व्यवहारावर २०१० मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं. दिल्लीत रघुबीर नगरला पहाट व्हायच्या आधी जुन्या कपड्यांचा बाजार भरतो आणि भांड्यांवर कपडे गोळा करणाऱ्या वाघरी समाजाच्या बायका तिथे माल उतरवतात. आपल्या अंगणातला चहा त्या एवढ्या मोठ्या बाजाराचं एक टोक आहे.

"मग विकायचे कशाला, फुकट द्यावेत की" असं म्हणणारे आहेतच. द्यावेत, जरूर. २०१५ च्या शेवटी इराणच्या मशहद शहरात सुरू झालेली 'माणुसकीची भिंत' पुढे आपल्याकडेही आली, कोल्हापुरातही झाली. पण २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर मी बघितलाय. पंचगंगेची धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट, आणि पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं होतं. राज्यभरातून मदत आली, लोकांनी जीव ओतून पाठवली. त्यातच जुन्या कपड्यांचे असे गठ्ठे होते की ज्यात चेन तुटलेल्या पॅन्टी, एकेकटे मोजे आणि पार्टीचे घागरे निघाले. चिखल काढणाऱ्या बाईला घागरा काय कामाचा? फुकट देताना निवडायचं काम आपण घेणाऱ्यावर ढकलतो आणि वर पुण्यही घेतो. १९९९ मध्ये 'गूंज' सुरू करणाऱ्या अंशू गुप्तांना (२०१५ चे मॅगसेसे) हे फार आधी कळलं होतं. त्यांच्याकडे कपडे निवडून, गरजेप्रमाणे संच करून जातात, आणि गावाने विहीर, रस्ता असं स्वतःचं काम केलं की त्याचा मोबदला म्हणून दिले जातात. मावशीचंही तेच तत्त्व, ती फुकट घेत नाही.

आता खरी अडचण. निघताना मी मावशीला म्हटलं, आम्ही कळंब्याला चाललोय, तिकडे या. ती हसली. "दादा, तिकडं वॉचमन आत सोडत न्हाई. पेठंत बी घरं पाडून बिल्डिंगी हुभ्या ऱ्हायल्या. माझ्या बारा गल्ल्या हुत्या, आता पाच उरल्यात."

खरंच आहे. आमच्या नव्या सोसायटीच्या गेटवर पाटी आहे, 'फेरीवाले व विक्रेते यांना प्रवेश बंद'. त्याच गेटमधून दिवसाला पन्नास डिलिव्हरीवाले आत जातात, कारण ते ॲपवरून आलेले असतात. २०१४ चा पथविक्रेता कायदा रस्त्यावर फिरून विकणाऱ्यांना संरक्षण देतो, पण गेटच्या आतली जागा सोसायटीची. चोरीची भीती खोटी नाही, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ती बोलून दाखवली आणि मला ती पटतेही. म्हणून मी कमिटीला अर्ज दिलाय. महिन्यातून दोन रविवार, सकाळी दहा ते बारा, नाव आणि फोन नोंदवून, वर न जाता फक्त खाली पार्किंगमध्ये. ज्याला जे द्यायचंय ते त्याने खाली घेऊन यायचं. लिहून झाल्यावर लक्षात आलं की मी रेडिंगच्या मैदानातला प्रकारच कळंब्याच्या पार्किंगमध्ये मागतोय, फक्त निवडणारी माणसं आपली.

तुम्हालाही कपाट आवरायचं असेल तर माझ्या प्रयोगातून एवढं घ्या. हजाराच्या वर नवी किंमत असलेला, क्वचित घातलेला कपडा असेल तर ऑनलाईन टाका, शक्यतो गावातल्याच माणसाला गर्दीच्या जागी भेटून रोख किंवा समोर यूपीआयने द्या. घरातल्या मुलींच्या कपड्यांची जाहिरात त्यांना त्रास होणार नाही अशा नावाने आणि नंबरने करा. रोजचे कपडे मावशीला द्या आणि शेवटच्या गाळणीवरून घासाघीस करू नका. फुकट द्यायचे तर धुऊन, बटण लावून, उद्या आपण घालू असेच द्या.

सोसायटीची सभा पुढच्या महिन्यात आहे. विषयपत्रिकेवर आमचा विषय सातवा, आणि सहावा आहे पार्किंगच्या जागांचं भांडण. तेव्हा सातव्यापर्यंत किती जण जागे राहतात यावर सगळं अवलंबून आहे. मी चहाचा थर्मास घेऊन जाणार आहे. काय होतं ते कळवतोच.